दोन कलरवा

फार पूर्वी गोदावरीकाठच्या अश्मक देशात, पोतन नगरात, विजितसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका अमात्याच्या घरी जन्मला होता, आणि वडिलांच्या मागे त्यांच्याच न्यायासनावर बसत होता. त्याचे नाव भद्रसेन. शेताचा बांध कुणाचा, वासरू कुणाच्या गाईचे, असले तंटे तो जेवणाच्या आत निकालात काढी. पण एका वर्षी त्याच्यापुढे अशी गोष्ट आली की त्याचे डोके पार भणाणून गेले. बोधिसत्त्वाला सगळे आधीच कळलेले असते असे ज्यांना वाटते, त्यांनी ही कथा जरा सावकाश ऐकावी.

पोतन नगरात एक वीणा होती. तिचे नाव कलरवा. त्या काळच्या वीणेला होडीसारखे पोकळ लाकडी पोट असे, त्यावर कातडे ताणलेले असे, आणि पोटातून एक बाकदार मान वर गेलेली असे. मानेपासून पोटापर्यंत तारा. नगराचा पहिला राजा महासाल याला एका युद्धानंतर झोप लागेनाशी झाली होती. वैद्यांनी हात टेकले. तेव्हा मृगवती नावाच्या नावाड्याच्या बायकोने ही वीणा त्याच्या उशाशी वाजवली आणि राजा लहान मुलासारखा झोपी गेला. जागा झाल्यावर त्याने वचन दिले, "कौमुदीच्या सणाला जो कुणी ही कलरवा माझ्यापुढे, आणि माझ्यामागे माझ्या गादीवर बसेल त्याच्यापुढे वाजवील, त्याने माझ्या बंदिशाळेतले एक माणूस मागून न्यावे."

महासाल गेला, मृगवतीही गेली. वीणा तिच्या शिष्याकडे गेली. तो कुंभार होता, आणि चाक फिरवता फिरवता गाणारा होता. त्याच्याकडून ती एका सैनिकाकडे गेली, आणि त्याच्या पाठीवर बसून कलिंगापर्यंत जाऊन आली. पुढे ती वसंतिका नावाच्या गणिकेकडे होती. तिच्यानंतर एका गुराख्याकडे, आणि त्याच्यानंतर अशाच कितीतरी जणांकडे. ती पोटच्या पोराकडेच जाईल असे नसे. जो शिकला, त्याची ती होई. राजे बदलले, नगराची वेस दोनदा वाढली, नदीने एकदा पात्र बदलले, तरी दर कौमुदीला कलरवा वाजत होती आणि एक माणूस सुटत होते.

या वादकांमध्ये एक रीत होती. तिला ते 'हात उतरवणे' म्हणत. आधीच्या वादकाचा हात जिथे सर्वात जास्त लागला असेल, तो भाग नव्या धन्याने काढायचा आणि त्या जागी नवा बसवायचा. मेलेल्याच्या हातावर जो वाजवील, त्याच्या हातातली कला कायमची जाईल अशी त्यांची समजूत होती. कुंभाराने खुंट्या बदलल्या. सैनिकाने कातडे बदलले. वसंतिकेने मान नवी केली, कारण सैनिक मान धरूनच झोपत असे. काढलेला भाग मात्र कुणी टाकत नसे. तो नदीकाठच्या सुतारआळीत एका मोठ्या टोपलीत तेल लावून ठेवत. तारा कुणी मोजतच नसत, त्या दर वर्षी तुटत.

भद्रसेनाच्या वेळी कलरवा तिष्या नावाच्या तरुण बाईकडे होती. तिची आई कुंदा ही आधीची वादक. कुंदा वीणेचे पोट मांडीवर घट्ट धरून वाजवायची, म्हणून आईच्या मागे तिष्येने ते पोट उतरवले आणि शिवणाच्या लाकडाचे नवे बसवले. मृगवतीच्या हातचा तेवढा एकच भाग वीणेत उरला होता. तिष्येच्या ते ध्यानातही आले नाही. आई गेल्याच्या दुःखात ती एवढे कुठे मोजत बसणार?

त्याच वर्षी राजाचा मंगल हत्ती मेला. दुपारच्या जेवणाच्या वेळी हत्तीशाळेच्या दाराला अडसर नव्हता. हत्ती बाहेर पडला, नदीत उतरला आणि चिखलात रुतला. त्या दिवशी शाळेवर दोन तरुण होते. एक तिष्येचा धाकटा भाऊ पूर्णक, आणि दुसरा कालिंद श्रेष्ठीचा मुलगा अजिन. अडसर लावायची पाळी कुणाची, असे विचारले तर पूर्णक अजिनाकडे बोट दाखवी आणि अजिन पूर्णकाकडे. साक्षीदार कुणीच नव्हते. संतापलेल्या राजाने दोघांनाही सुळाची शिक्षा सांगितली. कौमुदी झाली की दुसऱ्या दिवशी.

तिष्येला धीर होता. कलरवा तिच्याकडे होती, ती भाऊ मागून घेणार होती. कालिंद श्रेष्ठीकडे जहाजे होती, बैल होते, पण वीणा नव्हती. एकुलता एक मुलगा, आणि त्याच्यासाठी मागायला जागाच नाही! म्हातारा वेड्यासारखा फिरत फिरत सुतारआळीत गेला. तिथे त्याला ती टोपली दिसली. मृगवतीच्या खुंट्या, मृगवतीचे कातडे, तिचीच मान, आणि वर नुकतेच येऊन पडलेले तिचे पोट. त्याने सुतारांचे पाय धरले. सुतारांनी भाग निवडले, जोडले, तारा ओढल्या, आणि श्रेष्ठी ती वीणा छातीशी धरून न्यायासनापुढे येऊन उभा राहिला.

"अमात्य, हीच खरी कलरवा. महासाल राजानं जी ऐकली ती ही. त्या पोरीच्या वीणेत तिचा एक तुकडा तरी आहे का, विचारा."

तिष्या म्हणाली, "हात उतरवत उतरवत जी माझ्यापर्यंत आली ती कलरवा. टोपलीतल्या लाकडांची कुणी वीणा करतं का?"

भद्रसेनाने दोघांचे ऐकले. श्रेष्ठी बोलत होता तेव्हा त्याला श्रेष्ठीचे पटले. तिष्या बोलली तेव्हा तिचे पटले. दोघेही गप्प झाले तेव्हा त्याला कुणाचेच पटेना.

त्याने सुतारांच्या श्रेणीतले, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघातले, तीन वृद्ध बोलावले. त्यांनी दोन्ही वीणा सुट्या करून एकाच चटईवर मांडल्या. पहिला म्हणाला, लाकूड तेच ते वाद्य, तेव्हा श्रेष्ठीची खरी. दुसरा म्हणाला, वाद्य म्हणजे वाजणे, आणि वाजणे तर तिष्येच्या वीणेत खंड न पडता चालू आहे. तिसरा अतिशय सज्जन होता, त्याला दोघांचेही म्हणणे मान्य होते. वीणा पुन्हा जोडताना एक जुनी खुंटी तिष्येच्या वीणेत गेली आणि एक नवी श्रेष्ठीच्या. मग तिष्येची वीणा आता थोडी जास्त खरी झाली का, यावर तिघेही हमरीतुमरीवर आले. भद्रसेनाने खुंट्या आपल्या हाताने पूर्ववत केल्या आणि त्यांना पानसुपारी देऊन वाटेला लावले.

ही गोष्ट नगरात पसरायला वेळ लागला नाही. तेल्याच्या घाण्यापाशी दोन तट पडले. ज्याला त्याला आपले जाते, आपली नाव, आपला नांगर आठवू लागला. फाळ बदललेला, रुमणे बदललेले, तरी नांगर आजोबांचाच कसा, असे विचारून पोरे म्हाताऱ्यांना भंडावून सोडू लागली. माणसे रात्री नीट झोपत होती एवढेच काय ते.

भद्रसेन घरी आला तेव्हा त्याची बायको वासवी पानावर भात वाढत होती. तो न जेवता विचारात बसलेला पाहून ती म्हणाली, "अहो, आपलं लग्न झालं तेव्हा तुमच्या डोक्यावर केस होते, तोंडात सगळे दात होते, आणि तुम्ही माझं ऐकत होतात. यातलं आज काहीच उरलेलं नाही. तरी मी जेवायला तुम्हालाच वाढते ना?"

बोधिसत्त्व एकदम खुलला. "म्हणजे तिष्येची खरी! भाग बदलले तरी वीणा तीच."

"तसं असेल," वासवी म्हणाली. "पण माझ्या पेटीत आईच्या बांगड्या आहेत, त्यांना हात लावाल तर खबरदार. मी कधी एकटी असले की त्या काढून बसते. आईच असते ती."

बोधिसत्त्वाचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी राजाने त्याला एकांतात बोलावले. विजितसेन राजा दुष्ट नव्हता, पण पूर्वजांच्या वचनाचा त्याला कंटाळा आला होता. दर वर्षी आपण शिक्षा करावी आणि कुणी वीणा वाजवून ती पुसावी, हे त्याला रुचत नव्हते.

"भद्रसेना," तो म्हणाला, "इतका गोंधळलास कशाला? तिष्येची वीणा नवी लाकडं आहेत, आणि श्रेष्ठीची नुसती मोळी. दोन्ही खोट्या, एवढंच सांग. महासालाची कलरवा केव्हाच संपली. वचनही संपलं. आमचे महाअमात्य आता थकलेत. त्यांची जागा कुणाला द्यावी याचा मी विचार करतो आहे."

बोधिसत्त्व घरी परत आला. खरे सांगायचे तर राजाचे म्हणणे त्याला अगदीच चुकीचे वाटत नव्हते, आणि याचीच त्याला भीती वाटली. पद मोठे होते. शिवाय जे बोलायचे ते उघड खोटे ठरले नसते. शहाणी माणसे असल्याच जागी घसरतात. पण त्याच्या डोळ्यांपुढे दोन पोरे येत होती. त्यांतले एक निर्दोष होते. ते कोणते, हे त्याला कळत नव्हते. वीणेचे कळत नव्हते ते नव्हतेच, पण हे न कळणे त्याला जास्त बोचत होते.

कौमुदीच्या आदल्या सकाळी राजा रिवाजाप्रमाणे नदीकाठच्या स्तूपापाशी गेला. त्या स्तूपात महासाल राजाच्या अस्थी होत्या. राजाने पादत्राणे काढली, स्तूपाला दुधाने स्नान घातले, आणि जमिनीला कपाळ टेकून म्हणाला, "महाराज, आपल्या आज्ञेनं राज्य चालवतो आहे." तो बाहेर आला तसा दारावरच्या लोकांनी त्याच्या नावाचा जयजयकार केला, "महाराजांचा विजय असो!" भद्रसेन मागे फुलांची परडी घेऊन उभा होता. तो जागच्या जागी थबकला. परडी हातातून निसटली आणि फुले सगळीकडे झाली. पुरोहित रागावला, पण बोधिसत्त्वाचे तिकडे लक्ष नव्हते.

कौमुदीच्या दिवशी दुपारी सगळे नगर नदीकाठच्या वाळवंटावर जमले. राजा आसनावर बसला. एका बाजूला तिष्या, दुसऱ्या बाजूला श्रेष्ठी, आणि मध्ये बेड्या घातलेले पूर्णक आणि अजिन. राजाने भद्रसेनाकडे पाहून हलकेच मान हलवली. सांगायचे ते सांग, असा त्याचा अर्थ.

बोधिसत्त्व हात जोडून म्हणाला, "महाराज, काल आपण स्तूपात कुणाला नमस्कार केलात?"

"महासाल महाराजांना."

"तिथं तर नुसत्या अस्थी आहेत. त्या ना बोलतात, ना राज्य करतात."

"म्हणून काय झालं? ते महाराजच आहेत. उद्या कुणी त्या अस्थींना लाथ मारली तर मी त्याचा पाय तोडीन."

"आणि अश्मकाच्या गादीवर आत्ता कोण बसलं आहे?"

"मी बसलो आहे. डोळे गेले का तुझे?"

"आपल्या देहात महासाल महाराजांचं एक हाडसुद्धा नाही. तरी त्यांची गादी आपली, त्यांचा कोष आपला, कारण ते हातातून हातात चालत आलं. महाराज, जे चालत आलं ते खरं नसेल तर आपल्याला या आसनावरून उठावं लागेल. जुने भाग खरे नसतील तर काल आपण दगडविटांना दूध घातलं. यातलं एकही आपल्याला मान्य होणार नाही. मग वीणेनंच काय पाप केलं? तिष्येची कलरवा आपल्यासारखी आहे. श्रेष्ठीची कलरवा स्तूपासारखी आहे. मला तरी यातली कोणतीच खोटी म्हणता येत नाही."

राजाचा चेहरा लालबुंद झाला. महाअमात्याची जागा त्या क्षणी दुसऱ्या कुणाला तरी गेली, हे सर्वांनाच दिसले. भद्रसेनालाही दिसले. पण राजाला उठताही येईना आणि नाही म्हणताही येईना.

शेवटी तो म्हणाला, "बरं. दोन्ही खऱ्या. पण वचन वाजवण्याचं आहे. वाजवा."

तिष्येने आपली वीणा वाजवली आणि भाऊ मागितला. पूर्णकाच्या बेड्या तुटल्या. तो येऊन बहिणीच्या मागे उभा राहिला.

आता श्रेष्ठीची पाळी आली. त्याने कलिंगातून एक नामांकित वादक आणवला होता. पण राजाची मुद्रा पाहून त्या वादकाची पाचावर धारण बसली. "माझी बोटं आखडलीत," असे काहीतरी पुटपुटत तो गर्दीत दिसेनासा झाला. श्रेष्ठीने स्वतःच तारांना हात घातला. कर्कश आवाज निघाला, दोन-चार माणसे हसली. राजा म्हणाला, "याला वाजवणं म्हणत नाहीत." म्हातारा वीणा घेऊन धडपडत तिष्येपुढे आला.

"पोरी, तू वाजव."

तिष्या मागे सरली. "हिच्यावर मृगवतीपासूनच्या सगळ्या मेलेल्यांचे हात आहेत. हिच्यावर वाजवलं तर माझा हात जाईल. आणि कुणासाठी? तुमच्या मुलानं माझ्या भावावर आळ घेतला."

"तुझ्या भावानंही त्याच्यावर घेतला. कोण खरं बोलतो, मला नाही माहीत. बाप असून माहीत नाही. तुला माहीत आहे?"

तिष्येने वळून पूर्णकाकडे पाहिले. पूर्णक वाळूकडे पाहत होता.

"नाही," ती म्हणाली. "मलाही नाही माहीत."

मग तिने श्रेष्ठीच्या हातातून वीणा घेतली, वाळूत बसली, आणि ते जुने पोट मांडीवर ठेवले. तिच्या आईने आयुष्यभर जिथे मनगट टेकले होते, तिथे लाकूड झिजून गुळगुळीत झाले होते. तिष्येचे मनगट आपोआप तिथेच गेले. तिला रडू कोसळले. पण वाद्य मांडीवर असताना रडत बसू नये असे आईनेच शिकवले होते, म्हणून ती रडत रडतच वाजवू लागली.

तिचा हात गेला नाही, एवढे मी इथेच सांगून टाकतो, कारण ऐकणारे नेहमी तेच आधी विचारतात.

वाजवणे थांबले तसा तिष्येने श्रेष्ठीचा मुलगा मागितला, आणि राजाने हात हलवला. अजिनाच्या बेड्या तोडल्या. म्हातारा मुलाच्या अंगावर पडून ओक्साबोक्शी रडू लागला.

तेव्हा पूर्णक पुढे आला. तो राजापुढे गेला नाही. तो बहिणीपुढे गुडघ्यांवर बसला.

"ताई, अडसर माझा राहिला होता. भूक लागली म्हणून मी पळत गेलो. अजिन आत हत्तीला गवत घालत होता. त्याला काही ठाऊकच नव्हतं."

अजिन सुटला नसता तर उद्या सकाळी काय झाले असते, हे ज्याच्या त्याच्या मनात आले आणि कुणी तोंडातून काढले नाही. तिष्येने भावाला जवळही घेतले नाही आणि दूरही लोटले नाही. तिला काय करावे ते समजत नव्हते.

राजा आसनावरून उठला आणि भद्रसेनाजवळ आला. त्याचा आवाज खाली गेला होता. "तुला हे ठाऊक होतं?"

"नाही, महाराज."

"मग दोघांना सोडवायला कशाच्या जोरावर उभा राहिलास?"

"ठाऊक नव्हतं म्हणूनच, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "ठाऊक आहे असं मला वाटलं असतं, तर मी एकालाच सोडवून घरी गेलो असतो."

महाअमात्याचे पद दुसऱ्याला मिळाले. भद्रसेन पुढेही बांध आणि वासरांचे तंटे निकालात काढत राहिला, फक्त आता त्यांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागे. आणि विजितसेन राजाने, ज्या गुन्ह्याला साक्षीदार नाही त्यात सुळाची शिक्षा द्यायची नाही, असा नियम आपणहून केला.

शास्त्याने, म्हणजे बुद्धांनी, भिक्षूंना ही कथा सांगून जुना आणि नवा जन्म असा जुळवून दाखवला: "त्या वेळचा विजितसेन राजा म्हणजे आज संघात प्रत्येक नियम तावून सुलाखून पाहणारा स्थविर देवमित्र. कालिंद श्रेष्ठी म्हणजे दारी आलेल्या कुणालाही उपाशी न पाठवणारा उपासक नंदिवर्धन. अजिन म्हणजे त्याचाच आजचा पुत्र. खोटे बोलून अखेर खरे बोललेला पूर्णक म्हणजे भिक्षू उपशील. मेलेल्यांच्या हातावर परक्याच्या मुलासाठी वाजवणारी तिष्या म्हणजे भिक्षुणी रोहिता. वासवी आज इथे नाही. आणि गोंधळलेला भद्रसेन तो मीच."

तेव्हा एका तरुण भिक्षूने विचारले, "भगवन्, पण खरी कलरवा कोणती होती?"

शास्ता हसले. म्हणाले, "ते मला अजून नीट सांगता येणार नाही." आणि ही कथा मैत्री पारमितेची, म्हणजे सर्वांविषयीच्या करुणेच्या पूर्णतेची, आहे, एवढे सांगून ते उठले.